बसूया जरा

पारमोयीने हात वर केला तेव्हा मी फळ्यावर डोंगरातली वाट काढत होतो. वाट काढायला मला आवडतं. एक वाकडी रेघ, तिच्यावर काड्यांची पाच माणसं, प्रत्येकाच्या पाठीवर टोपली आणि टोपलीचा पट्टा कपाळावर. तिसरं माणूस आडवं काढायचं, म्हणजे ते घसरलं. मग खडूची पूड झटकत वर्गाकडे वळायचं आणि विचारायचं, "आता चौथ्याने काय करायचं?" एकतीस वर्षं रविवारच्या शाळेत मी हा प्रश्न विचारत आलोय आणि उत्तरं बदललेली नाहीत. "पू, हात द्यायचा." "पू, ओरडून सगळ्यांना बोलवायचं." एखादा तोंडावर हात ठेवून म्हणतो, "हसायचं," आणि बाकीचे हसतातच. आमच्याकडे मुलं आजोबांना पू, आजीला पी म्हणतात आणि गुरुजींनाही पूच म्हणतात, त्यामुळे मी ऐझॉलच्या या एका उतारावरच्या निम्म्या मुलांचा आजोबा आहे. मग मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगतो. शेतावरून गावाकडे परतताना वाट निसरडी असायची. रांगेतला एखादा घसरला की मागचा मुद्दाम चिखलात बसायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "बसूया जरा." मग सगळेच बसायचे. गावात पोचल्यावर सगळ्यांचेच कपडे बरबटलेले, त्यामुळे कोण पडलं ते बायकांनाही कळायचं नाही. "प्रेम म्हणजे हे," मी सांगतो. "घसरलेल्याकडे बोट दाखवायचं नाही, त्याच्याशेजारी बसायचं." आणि मग आम्ही तसा खेळ खेळतो. एक जण पडतो, सगळे धपाधप फरशीवर बसतात, वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटून गप्प बसा म्हणून सांगतं.

"पू, मला अश्शीच एक गोष्ट येते," पारमोयी म्हणाली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, रोकिमाची नात. रोकिमा म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचा ढोल वाजवणारा आणि माझा चाळीस वर्षांचा मित्र. "आमच्या पूंनी सांगितलीय. रोज सांगतात."

"मग आम्हालाही सांग की."

ती उभी राहिली, फ्रॉक खाली ओढला. "एक म्हातारा होता. म्हणजे तेव्हा म्हातारा नव्हता. त्याने बायकोला वचन दिलं होतं, दारू पिणार नाही म्हणून. पण तो ढोलाच्या खोलीत लपून प्यायला. मग तिथे एक दादा आला. दादा खूप चांगला होता. आणि मग जिन्यावर पावलं वाजली." इथे तिने बूट फरशीवर आपटून दाखवले. टक, मग थोडं थांबून, टक-टक. टक, टक-टक. "तर दादाने त्याच्या हातातली बाटली ओढून घेतली आणि म्हणाला, तुम्ही मागच्या दाराने जा. बाटली हिरव्या चौकड्यांच्या टॉवेलमध्ये होती. मग दादाचे बाबा आले. दादा काहीच बोलला नाही."

"मग?" मागून कुणीतरी विचारलं.

"मग दादाला चर्चमधून काढलं. दादा खूप लांब गेला. आणि म्हातारा रडतो."

"खोटी गोष्ट आहे," एक मुलगा म्हणाला.

"खरी आहे! आमचे पू सांगताना रडतात पण. इथून शेंबूड येतो."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो असणार, कारण मुलं घाबरली नाहीत. मी फळा पुसायला वळलो. ओल्या फडक्याखाली आधी पाचवं माणूस गेलं, मग चौथं. आडवं पडलेलं तिसरं मी किती वेळ पुसत होतो कोण जाणे. माझा डावा पाय लहानपणापासून आखूड आहे, आणि बुटाची टाच झिजू नये म्हणून मी तिला लोखंडी नाल ठोकून घेतो. टक, मग थोडं थांबून, टक-टक. या सगळ्या वस्तीत असं चालणारा मी एकटाच आहे.

हिरव्या चौकड्यांचा टॉवेल. तो आमच्या घरचा नव्हता. नऊ वर्षं माझ्या डोक्यात तो टॉवेल आहे आणि तो आमच्या घरचा नव्हता, हे मला कधीच सुचलं नाही. आमचं चर्च उतारावर आहे. रस्त्यावरून आत शिरलं की प्रार्थनेची मोठी खोली, आणि तिच्याखाली, डोंगराच्या पोटात, मोठा ढोल ठेवायची खोली. ख्रिसमसच्या आधीचा आठवडा होता. मी मुलांच्या नाटकासाठी मेंढपाळांच्या काठ्या शोधायला खाली गेलो. दार लोटलं. मुआना उभा होता, माझा मुलगा, बावीस वर्षांचा. त्याच्या उजव्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली होती. ढोलाच्या कातड्याचा वास, ओलीचा वास, आणि त्यात तो तिसरा वास. मी काहीतरी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला तेव्हा मी निर्लज्जपणा म्हटलं, आणि पुढे नऊ वर्षं तेच म्हणत राहिलो.

मी ऊपा आहे. ऊपा म्हणजे मंडळीचा वडील. आम्ही सात जण आहोत. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर मी काय केलं असतं? आधी त्याच्या घरी गेलो असतो, चुलीशी बसलो असतो, चहा घेतला असता, आणि तासाभराने मूळ विषयाकडे आलो असतो. तशीच रीत आहे आणि ती मीच नव्या वडिलांना शिकवतो. पण हा माझा मुलगा होता, आणि ऊपाने स्वतःच्या मुलाचं झाकलं असं कुणी म्हणता कामा नये होतं. त्याच संध्याकाळी मी सगळ्या वडिलांपुढे सांगितलं. मुआनाला बोलावलं, तो आला, उभा राहिला, आणि विचारलेल्या एकाही प्रश्नाचं त्याने उत्तर दिलं नाही. नाकारलंही नाही. मंडळीपुढे उभं राहून कबूल करायचं, की यादीतून काढलेलं नाव परत लागतं. इतकं सोपं असतं. तो उभा राहिला नाही. पुढच्या रविवारी त्याचं नाव काढल्याचं वाचायचं होतं तेव्हा पाळक म्हणाले, "ऊपा, मी वाचतो." मी म्हणालो, नको, आज वाचायची पाळी माझी आहे. मला वाटलं माझा आवाज कापला नाही ही देवाची कृपा.

माझी बायको लियानी तेव्हा एकदाच बोलली. भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. "त्याच्या तोंडाचा वास घेतलात का?" मी म्हणालो, "डोळ्यांनी पाहिल्यावर नाकाची काय गरज?" हे वाक्य मला तेव्हा चांगलं वाटलं होतं. अजून दोन-तीन ठिकाणी मी ते वापरलंही.

आणि रोकिमा आला होता. याच आठवणीपाशी मी, मुलांना रांगेने बाहेर सोडत, दाराची चौकट धरून उभा राहिलो. मुआनाचं नाव वाचलं त्याच्या तिसऱ्या दिवशी रोकिमा संत्र्यांची पिशवी घेऊन आमच्या घरी आला. चुलीजवळच्या ठोकळ्यावर बसला. लियानीने चहा दिला, गूळ दिला. त्याने संत्रं सोललं, अर्धं मला दिलं आणि म्हणाला, "मुलं चुकतात रे थुआमा. प्रेमाने घे." मला, प्रेमाने घे! आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला समजून घेणारा एक माणूस या डोंगरावर आहे असं वाटलं. त्या संत्र्याची चव मला अजून सांगता येईल, आंबट होतं, बिया फार होत्या. नऊ वर्षांत आम्ही किती चहा प्यालो असू? त्याच्या ढोलावर मी किती गाणी गायलो? लियानी गेली तेव्हा तीन रात्री तो आमच्या घरी राहिला, सांत्वनाला जमलेल्या पोरांबरोबर गात, आणि मी झोपलो की माझ्या पायांवर घोंगडी टाकत. मी जागाच असायचो. त्या घोंगडीची ऊब मला खरी वाटली होती. खोटी असती तर कळलं असतं ना? नाकाने, कानाने, कशाने तरी?

वर्ग सोडून मी घरी निघालो तेव्हा रोकिमा जिन्यावर उभा होता. आमच्या शहरात दोन घरांच्या मध्ये रस्ता नसतो, जिना असतो, आणि माझ्या घरी जायला एकशे चौदा पायऱ्या चढाव्या लागतात. तो अर्ध्यावर, पाण्याच्या टाकीपाशी थांबला होता, कोट घालून, टाय लावून. एक वाजता उपासना. आज प्रभुभोजनाचा रविवार. पारमोयी पळत घरी गेली असणार आणि म्हणाली असणार, पू, मी तुमची गोष्ट वर्गात सांगितली.

"थुआमा," तो म्हणाला. लोकांत तो मला ऊपा म्हणतो.

"पारमोयी गोष्ट छान सांगते," मी म्हणालो. "माझी चाल तर अगदी हुबेहूब केली."

"ते मी तिला शिकवलं नाही."

"मग? माझ्या पायाचा आवाज तिला कुणी सांगितला?"

त्याने टाय सैल केला. मग म्हणाला, "मी सांगणार होतो तुला."

"केव्हा?"

"दर रविवारी."

"नऊ वर्षांत रविवार किती होतात माहीत आहे? मी गणिताचाही मास्तर होतो."

"मार मला," रोकिमा म्हणाला. "मी तेव्हापासून वाट बघतोय. त्या दिवशी मागच्या दाराने गेलो आणि घरी बसून राहिलो. म्हटलं, थुआमा पोराला घरी नेईल, विचारेल. पोरगं सांगेल. मग थुआमा येईल आणि मला जिन्यावरून ढकलून देईल. तुझी पावलं ऐकायला कान लावून बसलो होतो. तू आलाच नाहीस. तू थेट वडिलांकडे गेलास."

"आणि तू संत्री घेऊन आलास."

"सांगायलाच आलो होतो. लियानीने गूळ पुढे केला..." त्याने नाक पुसलं. पारमोयी म्हणते तसंच. "दारीला मी वचन दिलं होतं, थुआमा. ती म्हणाली होती, एकदा जरी प्यालास तर मी माहेरी. मुआनाला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, पू, तुम्ही जा, दारी पी वाट बघत असतील. त्या दिवसापासून थेंब नाही. देवाशपथ."

"देवाला मध्ये आणू नकोस. माझा मुलगा आईच्या मातीला परक्यासारखा आला."

"ठाऊक आहे. मी तिथेच होतो."

"तू तिथे ढोल वाजवत होतास!"

वरून दोन बायका उतरून येत होत्या, शाली सावरत, हातात गाण्यांची पुस्तकं. "ऊपा, आज उशीर?" एकीने विचारलं. "रोकिमाने अडवलं असेल. याच्या गप्पा कधी संपायच्या!" आम्ही दोघेही हसलो. चाळीस वर्षांच्या सवयीने, एकदमच. त्या उतरून गेल्या.

"मी आज उभा राहतो," तो हळू म्हणाला. "सगळ्यांसमोर. तू म्हण, मी उभा राहतो. पण एक सांगू? रागावू नकोस. बाटली माझी होती, पाप माझं. पण नाव मी नाही रे वाचलं."

मी काठी उचलली नाही. माझ्याकडे काठी नव्हती. पण हाताला काठीचं वजन जाणवलं, इतकं मला ठाऊक आहे. मग मी उरलेल्या सत्तावन्न पायऱ्या चढून घरी गेलो.

रविवारी या शहरात आवाज नसतो. दुकानं बंद, गाड्या बंद, फक्त कुठेतरी लांबच्या चर्चमध्ये ढोल. मी खिडकीशी बसून बंगळुरूला फोन लावला. एरवी मुआनाच लावतो, रविवारी चार वाजता. जेवलात का, थंडी आहे का, गोळ्या घेतल्या का. तीन मिनिटांत संपतो. त्याला वाटलं मी आजारी आहे.

"पा? काय झालं?"

"ती बाटली कुणाची होती?"

पलीकडे पंख्याचा आवाज. तिकडे नेहमी पंखा चालू असतो.

"नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारताय," तो म्हणाला.

"तेव्हाही विचारलं होतं."

"नाही पा. तेव्हा तुम्ही विचारलं, तुला लाज नाही वाटत?"

मला आठवेना. खरंच आठवेना. मी काहीतरी विचारलं होतं, एवढंच माझ्याजवळ होतं, आणि बाकीचं सगळं त्याच्याजवळ होतं, जपून ठेवलेलं.

"रोकिमाने सांगितलं मला," मी म्हणालो. "म्हणजे, कळलं. तू मला एकट्याला सांगायचं होतंस. मी बाप आहे तुझा."

"तुम्हीच शिकवलंत ना? फळ्यावर काढून. दर वर्षी चौथं माणूस मीच व्हायचो, आठवतं? मला वाटलं तुम्ही दार उघडाल, बघाल आणि ओळखाल. तुमचाच खेळ होता." तो हसला बहुतेक. "त्यांना काही करू नका, पा. दारी पी आता आजारी असतात ना?"

"त्याने तुझं सगळं आयुष्य... तू त्याच्यामुळे घर सोडलंस, मुआना!"

"मी त्यांच्यामुळे नाही गेलो," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही. मग विचारलं, गोळ्या घेतल्यात का, आणि मी सांगितलं, घेतल्या. घेतल्या नव्हत्या.

एकला दहा मिनिटं होती. मी कोट घातला. बटणं लावायला मला वेळ लागतो, ते काम लियानी करायची. बटणं लावताना मी रोकिमाचा तिरस्कार करत होतो, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे, कारण मी मुलांना शिकवतो आणि मुलांना खोटं सांगायचं नसतं. त्याने माझा मुलगा नेला, मग माझ्या चुलीशी बसून माझ्याशीच गोड बोलला, आणि आता नातीच्या तोंडून मला ते कळवलं, लहान मुलांच्या गोष्टीसारखं. तो उभा राहिला असता तर मला आनंद झाला असता. सगळ्या मंडळीने त्याच्याकडे माना वळवलेल्या मला बघायच्या होत्या. मुआनाचं नाव मी परत वाचलं असतं, मोठ्याने, आवाज न कापता. आणि हा आनंद मी न्याय म्हणून जमा केला असता, जसा तेव्हाचा न कापलेला आवाज कृपा म्हणून केला होता. चौथी पायरी उतरताना हे माझ्या लक्षात आलं आणि पुढच्या एकशे दहा पायऱ्या मी त्याच्यासकट उतरलो.

पाळक दारात होते. "ऊपा, चेहरा असा का? बरं नाही?" नियम मला पाठ आहे. एखाद्याचं पाप ठाऊक असेल तर प्रभुभोजनाआधी वडिलांनी पाळकांना सांगायचं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "आज भाकर वाटायला डावी बाजू कुणाची?"

"तुमचीच की. जमत नसेल तर बदलून देतो."

"जमेल," मी म्हणालो.

डाव्या बाजूला सहाव्या रांगेत, कडेच्या जागेवर रोकिमा बसतो, गाणं सुरू झालं की उठून ढोलापाशी जायला सोपं पडावं म्हणून. गाणं झालं. तो वाजवून जागेवर परतला. त्याचा ढोल आज एकदाही चुकला नाही याचासुद्धा मला राग आला. मग पाळकांनी भाकर मोडली आणि पावाच्या बारीक चौकोनी तुकड्यांनी भरलेलं ताट माझ्या हातात दिलं. एक रांग. दोन रांगा. लोक तुकडा घेत होते, डोळे मिटत होते. टक, टक-टक. लियानीच्या मातीनंतरच्या रविवारीही हेच ताट होतं आणि हीच बाजू माझ्याकडे होती. मुआना तिसऱ्या रांगेत बसला होता. आईच्या थडग्यासाठी दगड फोडून त्याच्या तळव्यांना फोड आले होते, हात मांडीवर उताणे ठेवले होते. ज्याचं नाव काढलं आहे त्याच्यापुढे ताट धरायचं नसतं. मी ते त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाला दिलं. तेव्हा त्याने आपले गुडघे बाजूला घेतले. मला वाट मिळावी म्हणून. इतक्या अदबीने की मला वाटलं, आता तरी पोरगं सुधारलं.

तिसरी रांग. तिथे आता एक दुसराच तरुण बसतो. त्याने तुकडा उचलला.

सहाव्या रांगेपाशी मी थांबलो. रोकिमाने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा हात मांडीवरच राहिला. मग त्याने हळूच दोन्ही गुडघे बाजूला घेतले. मला वाट द्यायला. ताट पुढे न्यायला. तो उठायच्या बेतात होता, मला दिसत होतं. त्याने पुढचा बाक धरला होता. एक शब्द, आणि तो उभा राहणार होता. माझी नऊ वर्षं, लियानीचं ते भांडी घासणं, बंगळुरूचा तो पंखा, सगळं त्या एका शब्दावर होतं आणि तो शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी त्याला माफ केलं होतं का? नाही. अजूनही, हे लिहिताना, मला ठाऊक नाही. फक्त एवढं आठवतं की माझा आखूड पाय एकाएकी फार आखूड झाला आणि फरशी फार खाली गेली, आणि मला फळ्यावरची रेघ दिसली, तिसरं माणूस आडवं आणि चौथ्याची जागा रिकामी.

मी त्याच्याशेजारी बसलो. कडेला वीतभर जागा होती, तेवढ्यात. ताट माझ्या मांडीवर. मागच्या रांगांत कुजबुज झाली. पाळकांनी मान वर केली.

"ऊपा," रोकिमा ओठ न हलवता म्हणाला. "ऊठ. लोक बघतायत. तुला काय झालंय असं वाटेल त्यांना."

"वाटू दे."

"मी उभा राहतो ना. माझं मी सांगतो. ऊठ तू."

त्याच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, आणि श्वासाला कशाचाच नाही. हे मी आता पाहून घेतलं. उशिरा, पण घेतलं.

"आधी मला सांगायचंय काहीतरी त्यांना," मी म्हणालो. "मग तुझं तू बघ. पाय दुखतायत रे. बसूया जरा."

त्याने तुकडा घेतला नाही. मीही घेतला नाही. मधल्या वाटेवर कुणीच नव्हतं आणि मागची सगळी मंडळी आमच्या दोघांच्या पाठीकडे बघत होती. मागून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं, दोघांतलं घसरलं कोण.